फोटोतला तांबूस दगड

९ एप्रिल

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातली कालची तारीख पुसायला हात वर केला आणि कमरेत उसण भरली. वाकता येईना, सरळ होता येईना. सातवीची पोरं आधी हसली, मग घाबरली. शेवटी शाळेत खिचडी करणाऱ्या धोंडुबाईनं मला धरून स्वयंपाकखोलीत नेलं आणि तांदळाच्या पोत्यावर पालथं पाडलं.

"हलू नगा बाई. रवीला बलावलंय. पायाळू हाय माजा ल्योक."

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेला. त्याची लाथ लागली की उसण जाते, तो चालला की जमिनीखालचं पाणी त्याला कळतं, आणि ढग आला की वीज त्याला शोधत येते. आटपाडीच्या या माळावर ही तीन कलमं शाळेत न जाता सगळ्यांना पाठ असतात. मी भूगोल-विज्ञान शिकवणारी बाई. तेवीस वर्षं पोरांना सांगत आलेय की असलं काही नसतं. आणि आज पोत्यावर पालथी पडून एका सव्वीस वर्षांच्या बाप्याच्या डाव्या पायाची वाट बघत होते. कोरेगावला घरी कळलं तर ह्यांना महिनाभर चिडवायला पुरेल.

रवी आला तो लाजून अर्धा झालेला. लाथ कसली, तीन वेळा टाच टेकवली आणि "दुकलं का बाई?" म्हणून मागं सरला.

संध्याकाळपर्यंत उसण गेली. पालथं पडून स्नायू सैल झाले असणार. इथे लिहून ठेवते, बाहेर बोलणार नाही.

१६ एप्रिल

दुपारपासून वळवाचं वातावरण. चार वाजता खानापूरच्या बाजूनं ढग चढला. मी कॅमेरा घेऊन खोलीच्या ओट्यावर बसले. दोनशे बारा फोटो काढले, वीज एकातही नाही. जी पडली ती नेमकी मी कॅमेऱ्याची काच पुसत असताना.

हे खूळ गेल्या मे महिन्यातलं. मोबाईलवर चुकून एक वीज आली होती, पुसटशी. मोठी करून बघितली आणि मला धक्काच बसला. तेवीस वर्षं मी फळ्यावर वीज काढतेय ती तीन कोनांची, खाली बाणाचं टोक असलेली. खरी तशी नसतेच. तिला एकही कोन नव्हता. उपटलेल्या बाभळीच्या मुळीसारखे तिला बारीक बारीक फाटे होते. इतकी वर्षं मी पोरांना खोटी वीज शिकवली. ते मनाला इतकं लागलं की जानेवारीत विट्याच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा वापरलेला कॅमेरा घेतला.

पद्धत अशी. वीज कधी पडेल ते सांगता येत नाही, म्हणून कॅमेऱ्याचं दार चार सेकंद उघडं ठेवायचं. बंद झालं की लगेच पुन्हा चार सेकंद. त्या वेळात ती आली तर आली. गंमत म्हणजे चार सेकंदांत जे हलतं ते फोटोत उमटतच नाही. आज धोंडुबाईचे दीर आप्पासो शंभर मेंढरं घेऊन समोरून गेले. फोटोत रस्ता रिकामा, मध्ये नुसता धुरकट ओरखडा. त्यांना दाखवला तर म्हणाले, "आवं बाई, माजी मेंढरं कुटं घालवली?"

२० एप्रिल

आली! माझी पहिली वीज. काल संध्याकाळी सहाला दहा कमी असताना, माळाच्या पलीकडच्या अंगाला. खोडाला सहा फाटे, सगळे कॅमेऱ्यात.

ह्यांना पाठवला. उत्तर आलं, "फर्स्ट क्लास. आता घरी ये." फौजेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी कौतुक आणि हुकूम एकाच ओळीत असतात.

आज सकाळी शाळेत धोंडुबाईला दाखवला. तिनं लांबूनच बघितला, पदर पुढे ओढला आणि कांदा चिरायला वळली. रवी पाण्याचे हंडे घेऊन आला होता. त्यानं हंडे खाली ठेवले, हात पुसले आणि लॅपटॉपसमोर बसला तो उठेचना.

"ही अशी असती व्हय बाई?"

"म्हणजे? तू बघितली नाहीस कधी?"

त्यानं मान हलवली. मग धोंडुबाईच बोलली. ढग दिसला की ती त्याला आतल्या खोलीत नेते, दार लावते, खोलीतलं विळा-कोयता सगळं लोखंड बाहेर ठेवते, त्याच्या अंगावर घोंगडं टाकते आणि त्याचा हात धरून बसते. तो जन्मल्यापासून. नवरा गेला त्या पावसाळ्यातसुद्धा. "फटीतनं उजेड येतो न्हवं," रवी म्हणाला, "तेवडा बगितलाय."

दुष्काळी भागातला हा पोरगा. तळहातावर नारळ धरून दुसऱ्यांच्या रानात पाणी शोधतो आणि त्यानं वीज बघितलेली नाही. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून वर्गावर गेले.

२४ एप्रिल

ठरवलं. रवीला वीज दाखवायची.

धोका काही नाही, माझ्या गाडीत बसूनच बघायची. गाडी लोखंडाची असते, वीज पडली तरी पत्र्यावरून जमिनीत जाते, आतल्या माणसाला काही होत नाही. काचा बंद आणि हात मांडीवर. त्याला वहीच्या कागदावर आकृती काढून समजावलं. तो हुशार आहे, प्रश्नही चांगला विचारला: "मंग बाई, आमी घरात लोखंड भायेर काडतो आन हितं लोखंडातच बसायचं?" अशी पोरं वर्गात मिळत नाहीत.

"आईला सांगायचं का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, आत्ता नको. आधी दोन-तीनदा सुखरूप जाऊन येऊ, मग मीच सांगेन. प्रयोग झाल्यावर निष्कर्ष सांगायचा असतो.

आईला तो काय सांगणार, ते मी विचारलं नाही. त्याचं तो बघेल.

२९ एप्रिल

गेलो. माळाच्या टोकाला गाडी लावली. पुढच्या काचेमागे ज्वारीची पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला. रवी बाजूच्या सीटवर, दोन्ही हात मांडीत घट्ट दाबलेले. आईला सांगून आला होता की तालुक्याला बोअरचा पॉइंट बघायला चाललोय, पाऊस आला तर तिथेच कुणाच्या तरी घरात बसेन.

ढग अगदीच किरकोळ होता. दोनच विजा पडल्या, त्याही लांब, फोटोच्या दृष्टीनं फुकट. पण पहिली पडली तेव्हा रवी ओरडला नाही, दचकलाही नाही. तोंड उघडं टाकून बसला. गडगडाट येऊन गेल्यावर म्हणाला, "आवाज मागनं येतो व्हय."

इतकी साधी गोष्ट. त्याला आजवर उजेड आणि आवाज एकच वाटत होते, घोंगड्यातून दोन्ही सारखेच. परत येताना तो सारखा हसत होता आणि मलाही फार बरं वाटत होतं. बाई म्हणून इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलेलं नाही.

६ मे

सुट्टी लागली, मी थांबलेय. ह्यांना सांगितलं शाळेची कामं आहेत. खरं कारण ढग.

काल रवीला घेऊन दुसऱ्यांदा गेले. पाच विजा, दोन बऱ्या.

खिचडी बंद, तरी धोंडुबाई मला भाकरी आणून देते. आज आली तेव्हा मी कालचे फोटो बघत होते. या वेळी ती जवळ आली. पुष्कळ वेळ बघितल्यावर म्हणाली, "लय देखणी हाय की वो."

मी संधी साधली. म्हटलं, धोंडुबाई, वीज कुणाला शोधत नाही. तिला पायाळू कळत नाही आणि डोक्याकडून जन्मलेला कळत नाही. तुम्ही सव्वीस वर्षं उगीच घाबरलात. स्वतःही आत कोंडून घेतलंत.

"मी बी न्हाईच बगितली तवापास्नं," ती म्हणाली. "ल्हान असताना बगत हुतो आमी, बाच्या मेंढरांमागं." मग फोटोकडेच बघत, "मंग बगितली तर काय व्हत न्हाई?"

"काही होत नाही," मी म्हटलं.

तिनं डबा ठेवला. आज भाकऱ्या जास्तच होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माळावर न्या. दोगास्नी पुरंल." दोघांना! मी एकटी जाते हे तिला कितीदा सांगितलंय. हिशोबात जरा कच्चीच आहे.

११ मे, संध्याकाळी सव्वासात

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

आजच्यासारखी वीज मला पुन्हा मिळणार नाही. पाचलाच पूर्वेकडून काळा ढग उभा राहिला. पश्चिमेला अजून ऊन होतं, त्यामुळे सगळा माळ तांबूस झाला होता. मी आणि रवी साडेपाचला नेहमीच्या जागी. कॅमेरा सतत चालू. मोठ्या विजा लांब पडत होत्या, आम्ही दोघं वर बघून मोजत होतो. रवीला आता उजेड ते आवाज सेकंद मोजता येतात. मी शिकवलं.

पाच बावन्नला समोरच्या उतारावरच्या एकट्या बाभळीवर पडली. दोनेकशे मीटर असेल. उजेड आणि आवाज एकदम, मोजायला काही उरलंच नाही. गाडी हलली. रवीनं माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ अजून आहेत. लगेच धुळीचा लोट आला आणि पाठोपाठ पाऊस, समोरचं काही दिसेना. मी गाडी वळवली आणि सरळ निघाले. रवीला वळणावर सोडलं, तो घराकडे पळाला.

घरी येऊन बघते तर वीज आख्खी फोटोत! ढगापासून बाभळीच्या शेंड्यापर्यंत, एकेक फाटा सुटा. खाली डावीकडे बाभळीजवळ एक तांबूस दगड आला होता, तेवढा नजरेत खुपत होता. लॅपटॉपवर एक क्लिक करून पुसून टाकला. आता खाली नुसता स्वच्छ उतार आणि बाभूळ. मावसभाऊ मानसिंग सांगलीला एका दैनिकात आहे, त्याला लगेच पाठवला. त्याचं उत्तरही आलं: "ताई, जिल्ह्याच्या पानावर टाकतो."

रवीला हा फोटो मोठा करून द्यायचा. आणि उद्या धोंडुबाईला सगळं सांगायचं. आता सांगायला हरकत नाही.

बाहेर वस्तीकडून हाका ऐकू येतायत. लाईट गेली असेल. बघून येते.

१२ मे

धोंडुबाई गेली.

बाभळीखाली.

१४ मे

लिहिल्याशिवाय डोकं थांबणार नाही, म्हणून लिहिते.

रवी पळत घरी गेला तर दाराला बाहेरून कडी. आई नाही. त्यानं आप्पासोंना हाक मारली, वस्तीवरची माणसं पावसात निघाली. ती बाभळीच्या बुंध्यापासून चार हातांवर पडली होती. पायातल्या चपला लांब उडालेल्या. अंगावर तांबडं लुगडं.

तांबडं लुगडं.

मी त्या दिवशी हाका ऐकून गेले तेव्हा कंदिलाच्या उजेडात तो रंग बघितला आणि मला काही कळलं नाही. घरी आले, अंथरुणावर बसले आणि मग कळलं. मोरीत जाऊन ओकले. मी तिला पुसली. हाताच्या एका बोटानं. आणि वर स्वतःला शाबासकी दिली.

काल तलाठी आले, पंचनामा झाला. त्यांनी रवीला विचारलं, तू कुठे होतास. "घरात," तो म्हणाला, "आतल्या खोलीत." माझ्याकडे बघत होता. मला वाचवण्यासाठी म्हणाला की स्वतःची लाज वाटून, ते मला माहीत नाही. तिथे बोलायला हवं होतं.

आप्पासो सगळ्यांना सांगतायत, "ईज पायाळूला हुडकत आलती. ल्योक घरात हुता, म्हून आई भायेर गेली आन अंगावर घेतली." बायका ऐकतात आणि डोळे पुसतात. काही जणींनी तिच्या दारात हळद-कुंकू वाहिलं.

आणि आज पेपर आला. पान तीन. "आटपाडीच्या माळावरील विजेचे विलोभनीय दृश्य. छाया : अंजना." मानसिंगला फोन करून थांबवायचं भानच राहिलं नाही. आप्पासो पेपर घेऊन माझ्याकडे आले होते. म्हणाले, "बाई, ही तीच बाभूळ न्हवं?" मी हो म्हटलं. "तुमी हुता तितं?" मी म्हटलं, लांब होते, गाडीत. "एकल्याच?"

हो म्हटलं.

१६ मे

बदलीचा आदेश आला. सातारा जिल्हा, कोरेगावपासून नऊ किलोमीटर. या कागदासाठी अकरा वर्षं अर्ज केले. महिनाअखेर कार्यमुक्त व्हायचं आहे.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाले, "अंजू, जे झालं ते झालं. आता कुणाला काही बोलायचं नाही. सामान बांध, मी टेम्पो घेऊन येतो."

"आणि रवी?"

"त्याला काय सांगणार तू? त्याची आई त्याला शोधायला निघाली आणि मेली, हे? ते त्याला माहीतच आहे."

माहीतच आहे. म्हणून तर तो जेवत नाही.

ह्यांचं म्हणणं मनाला पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःची भीती वाटली.

२० मे

आज दहावा. ओढ्याकाठी पिंड ठेवले. कावळा शिवेना. अर्धा तास, पाऊण तास. आप्पासो म्हणाले, "वैनीचा जीव कशात आडकलाय ते बोला कुनीतरी."

रवी पुढे झाला. दहा दिवसांत गाल आत गेलेत. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आई, ढग आला की मी घर सोडनार न्हाई. पान्यालाबी जानार न्हाई कुनाच्या रानात. मरस्तवर आत बसंन. तुज्या शब्दाभायेर जानार न्हाई."

कावळा आला.

सगळे म्हणाले, ऐकलं म्हातारीनं. मी झाडाकडे बघत होते, तिथे आणखी चार कावळे बसले होते, सगळे उपाशी. इतकी वर्षं विज्ञान शिकवून मी हे मनातल्या मनात म्हटलं आणि गप्प उभी राहिले. सव्वीस वर्षांच्या पोरानं स्वतःला जन्मठेप लावून घेतली आणि ती कशासाठी हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

परत येताना तो माझ्याजवळून गेला. म्हणाला, "बाई, मी घरात असतो तर ती भायेर पडलीच नसती." एवढंच. माझ्यावर आरोप करावा हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

२४ मे

सामान बांधून झालं. कॅमेऱ्याचं कार्ड राहिलं होतं. त्यातलं सगळं पुसायचं म्हणून लॅपटॉपला लावलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

मूळ फोटो उघडला. मोठा केला. धोंडुबाई.

बंद करणार होते. पण मग एक गोष्ट डोक्यात आली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चार सेकंद. चार सेकंदांत जे हलतं ते उमटत नाही. आप्पासोंची शंभर मेंढरं उमटली नव्हती. मुलाला शोधत धावणारी बाई फोटोत येईलच कशी? ती दगडासारखी स्पष्ट आली, कारण ती हलत नव्हती.

आधीचे फोटो एकेक करून मागे नेले. पाच एकेचाळीसला उतारावर एक तांबूस ओरखडा आहे, चालत आली तेव्हाचा. त्याच्या पुढच्या फोटोत ती बसलेली आहे. त्याच्या पुढच्यात बसलेली. एकशे सदतीस फोटो मोजले, अकरा मिनिटं. ती बाभळीजवळ खाली बसली आहे, गुडघ्यांभोवती हात, तोंड ढगाकडे. काहींत तोंड आमच्या गाडीकडे. एका ठिकाणी हात कपाळावर आडवा धरलाय.

ती कुणाला शोधत नव्हती. पोरगा कुठे आहे हे तिला समोर दिसत होतं. तिला आधीपासून माहीत होतं. ती वीज बघायला आली होती.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. पाच मिनिटंच असेल. मग आठवलं, "मंग बगितली तर काय व्हत न्हाई?" आणि माझं उत्तर. पोराला मी आकृती काढून दिली होती. गाडी, पत्रा, काचा, हात मांडीवर. आईला नुसतं म्हटलं, काही होत नाही. उघड्यावर थांबू नये, एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही, हे मी दर वर्षी सातवीला शिकवते. पाठाखालच्या प्रश्नांतसुद्धा आहे. ती तेव्हा पलीकडच्या खोलीत कांदा चिरत असायची. तिला सांगावं असं मला सुचलंच नाही.

माझ्या अर्ध्या धड्यावर विश्वास ठेवून ती माळावर जाऊन बसली.

२६ मे

आज गेले. ह्यांचा टेम्पो उद्या येणार. न जाता निघून जाता आलं असतं. सकाळपासून तीनदा चप्पल घातली आणि काढली.

तीन वाजले होते, ढग जमायला लागले होते. आप्पासो दारात घोंगडं विणत बसले होते. "आत हाय," ते म्हणाले. "सावली पडली की आत. आमी काय बोलत न्हाई."

आतल्या खोलीत अंधार. रवी भिंतीला टेकून बसला होता, हातात काही नाही, समोर काही नाही. मी लॅपटॉप उघडला तेव्हा उजेडानं त्यानं डोळे मिटले.

मी सगळं सांगितलं. त्याच्या आईनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. मग फोटो दाखवले. चार सेकंदांचं पुन्हा समजावलं. म्हटलं, "ती तुला शोधत नव्हती रवी. बसली होती. अकरा मिनिटं."

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक फोटो स्वतः पुढे नेऊ लागला. घाई नाही. काही फोटोंवर पुष्कळ थांबला. एके ठिकाणी बोट काचेवर ठेवलं.

"हितं पदर न्हाई."

मी वाकून बघितलं. खरंच. वारा असणार. तांबडा पदर खांद्यावर पडलाय आणि डोकं काळं दिसतंय. त्याच्या पुढच्या फोटोतही तसंच. पुढच्या सगळ्याच. तिनं तो पुन्हा वर घेतला नाही.

"आईच्या डोईवरचा पदर पडल्याला मी कवा बगितला न्हाई," रवी म्हणाला. "झोपताना सुदीक न्हाई." आणि तो रडायला लागला. दहाव्याला रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला कळेना. ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "फुडचा?"

"पुढचा तो आहे."

"नगं." त्यानं हात काढून घेतला. मग म्हणाला, "पेपरात आला त्यात आई न्हाई."

"नाही. मी पुसली. मला दगड वाटला."

तो रागावेल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, याच्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पेपरवाल्यास्नी सांगा," तो म्हणाला. "तितं माजी आई बसली हुती म्हनावं. ईज बगाय."

"सांगते."

"आन मी तुमच्या गाडीत हुतो, ते बी सांगा."

मी म्हटलं, "रवी, लोक तुला सोडणार नाहीत. दहाव्याला तू सगळ्यांदेखत बोललास. तलाठ्यांना घरात होतो म्हणालास."

"न्हाईच सोडनार. तुमाला बी न्हाई." त्यानं तोंड पुसलं. "पर आख्खी वस्ती दारात हळद-कुकू वाहती, बाई. पोरासाठनं मेली म्हून. ती पोरासाठनं न्हवती गेली. सव्वीस वर्सांत येकदा सोतासाठनं गेली, ते तरी तिचं तिला ऱ्हाऊ द्या."

बाहेर गडगडलं. तो दचकला, पण घोंगड्याकडे हात गेला नाही. दाराकडेही गेला नाही. जिथे होता तिथेच बसला.

मी आप्पासोंना हाक मारली. ते उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मी दोनदा खाकरले. मग म्हटलं, "आप्पासो, त्या दिवशी रवी घरात नव्हता. माझ्या गाडीत होता. मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

त्यांना आधी कळलं नाही काय बघायचं ते. डोळे बारीक करून पुढे झुकले. मग एकदम मागं सरले आणि मान खाली घातली. मला वाटलं रागानं.

"आप्पासो, बघा तरी," मी म्हटलं. "एकदा नीट बघा."

"कसं बगू बाई?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "वैनीच्या डोईवर पदर न्हाई."